गळका नळ

चौथीच्या वर्गात मी फरशीवर रंगीत वर्तुळं रंगवून घेतली, आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले आणि आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बालकेंद्री शिक्षण सुरू झालं असं समजलो. केंद्रप्रमुखांनी शेराही चांगला दिला. शिक्षण परिषदेत तर मी बोललोसुद्धा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम मांडलं, १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात, तर शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा! टाळ्या पडल्या.

त्याच आठवड्यात लिटर-मिलिलिटरचा पाठ होता. टेबलावर मापं मांडून ठेवली होती. एका मुलीनं हात वर केला.

"गुरुजी, आज आम्ही काय शोधायचं असतं?"

कृती माझी, उत्तर माझं, पोरांनी फक्त सापडल्यासारखं करायचं. तिनं हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. "तुम्हाला काय मोजायचंय ते मोजा," मी जरा घुश्श्यातच म्हणालो.

पोरं थेट आवारातल्या टाकीकडे. टाकीचा नळ गळत होता. त्याखाली लिटरची बाटली लागली, एकानं माझं घड्याळ मागून घेतलं. २० मिनिटांत बाटली भरली. म्हणजे तासाला ३ लिटर. रात्र धरायची की नाही यावर भांडण जुंपलं. "नळ काय झोपतो का?" एकानं निकाल दिला. २४ तासांचे ७२! गुणाकारात कायम अडणारा पोरगा तोंडी सांगून मोकळा. मी वहीत ताळा करत होतो. तेवढ्यात ती मुलगी घरी पळाली आणि आईचा हंडा घेऊन आली. हंड्यात १२ बाटल्या मावल्या.

"६ हंडे," ती म्हणाली. "आई एका खेपेला २ आणते. ३ खेपा झाल्या."

मग सगळी माझ्याकडे बघायला लागली.

"गुरुजी, हा कधीपासून गळतोय?"

दिवाळीपासून. मला ठाऊक होतं. रोज त्याच्यावरूनच तर जायचो. पाठाच्या टाचणात या प्रश्नाला जागा नव्हती. "बरेच दिवस झाले," मी म्हणालो.

"बरेच म्हणजे किती?" तिनं पेन्सिल सरसावली.

शनिवारी तालुक्याहून वायसर आणला, पान्हा मागून घेतला आणि नळ बसवला. काम १५ मिनिटांचं. तेवढ्यात एक बाटलीही भरली नसती.

सोमवारी शाळेत पोचलो तर पोरं पायरीवर रांगेत बसलेली. नळ ठणठणीत कोरडा. भिंतीवर कोळशानं १०.३० असं लिहिलेलं.

"हे कशाचं माप?" मी गाडी लावत विचारलं.

"शाळा भरायचं, गुरुजी." तिनं माझ्या मनगटाकडे बोट केलं. "आता किती वाजले ते तुम्ही सांगा."

१०.५० झाले होते.