ताब्यातला माणूस

१३ डिसेंबर १९४४. जर्मनीतल्या एसेन शहराच्या पश्चिम भागात तीन ब्रिटिश वैमानिक कैदेत होते. आदल्या रात्रीच ब्रिटिश विमानांनी या शहरावर बॉम्ब टाकले होते. कॅप्टन एरिश हायरने त्या तिघांना कोएनेन नावाच्या शिपायाच्या स्वाधीन केलं आणि चौकशीसाठी हवाई दलाच्या ठाण्यावर पोहोचवायला सांगितलं. वर बजावलं, वाटेत लोकांनी कैद्यांना हात लावला तर मध्ये पडायचं नाही. हे त्याने शिपायाच्या कानात सांगितलं नाही. बराकीच्या पायऱ्यांवर उभं राहून, बाहेर जमलेल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

पुढे काय झालं असेल, हे कुणालाही कळेल. दगड आले, काठ्या आल्या. एका जर्मन सैनिकाने पिस्तूल झाडलं, एकाच्या डोक्याला जखम झाली. पूल लागला तेव्हा लोकांनी तिघांना कठड्यावरून खाली फेकलं. एक पडताक्षणीच गेला. उरलेल्या दोघांवर वरून गोळ्या झाडल्या आणि खाली उतरून त्यांना लाथाबुक्क्यांनी संपवलं. कोएनेनजवळ बंदूक होती. तो चालत राहिला.

वर्षभराने, डिसेंबर १९४५ मध्ये, त्याच एसेनमध्ये ब्रिटिश लष्करी न्यायालयापुढे सात जण उभे राहिले. आरोपपत्रात मृतांची नावंसुद्धा नव्हती, तीन अनोळखी वैमानिक एवढाच उल्लेख. कुणाच्या फटक्याने कोण मेला हे सरकारी पक्षाला सांगता येणं शक्यच नव्हतं. तरी हायरला फाशी झाली, त्याने बोटही लावलं नव्हतं तरी. मारहाण करणाऱ्यांपैकी एकाला फाशी, एकाला जन्मठेप, एकाला दहा वर्षं. दोघे सुटले. आणि कोएनेनला, ज्याने काहीही केलं नाही त्याला, पाच वर्षं.

हा खटला संयुक्त राष्ट्रांच्या युद्धगुन्हे आयोगाने छापलेल्या १५ खंडांपैकी पहिल्याच खंडात आहे. मी जिल्हा न्यायालयात सरकारी वकील होते, त्यामुळे निकालपत्र वाचताना माझी नजर आधी शेवटच्या पानावर जाते: कोण सुटलं, का सुटलं. आमच्याकडे जमावाच्या खुनाला कलम १४९ असायचं, बेकायदेशीर जमाव आणि समान उद्दिष्ट. कागदावर हे कलम भक्कम. प्रत्यक्षात पंच फितूर, साक्षीदार फितूर, ओळख परेड उशिरा, मग संशयाचा फायदा. एका खटल्याचं गाव सांगत नाही. चोर समजून लोकांनी एका परक्या माणसाला धरलं होतं. दोन वर्दीवाले त्याला घेऊन चावडीकडे निघाले होते आणि वाटेत तो मेला. त्या दोघांना आरोपी करा असं मी लेखी कळवलं. त्यांना साक्षीदार केलं. कोर्टात दोघांनी सांगितलं की अंधार होता. सगळे सुटले.

म्हणून कोएनेनची पाच वर्षं मला हायरच्या फाशीपेक्षा महत्त्वाची वाटतात. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं. कैदी तुझ्या हवाली होते, त्यांचं रक्षण हे तुझं काम होतं आणि तू ते केलं नाहीस. कौरवसभेत भीष्म गप्प बसले, त्यावर आपण पिढ्यानपिढ्या कीर्तनं ऐकतो आणि शेवटी पितामहांचाच नाइलाज समजून घेतो. एसेनच्या न्यायालयाने नाइलाज समजून घेतला नसेल असं नाही. पाचच वर्षं दिली, त्यात तो आलाच. पण निर्दोष म्हटलं नाही.

आता दुसरी बाजू. हे वैमानिक काही यात्रेकरू नव्हते. ज्यांनी दगड उचलले त्यांची घरं जळली होती, कुणाची पोरं ढिगाऱ्याखाली होती. जपानात तर ९ आणि १० मार्च १९४५ च्या एका रात्रीत तोक्योत लाखाच्या आसपास माणसं जळून मेली. त्याबद्दल कुणाला कधी शिक्षा झाली नाही. न्यूरेंबर्गला शहरांवरच्या बॉम्बफेकीचा आरोप कुणावरच ठेवला गेला नाही, कारण ठेवला असता तर तो दोन्हीकडे लागला असता. मारणारे विचारतात, आमच्या लेकराबाळांच्या वेळी तुमचा कायदा कुठे होता? आपल्याला हा प्रश्न शाळेपासून पाठ आहे. कर्णाचं चाक रुततं, तो धर्माची आठवण करून देतो आणि कृष्ण त्याला एकेक अधर्म मोजून दाखवतो. मोरोपंतांची आर्या म्हणताना वर्गातल्या प्रत्येकाला कृष्ण जिंकला असंच वाटायचं.

मला आता तसं वाटत नाही. कृष्णाचं उत्तर रणांगणावरचं आहे. समोरचा रथ अजून उभा आहे, चाक निघालं की कर्ण पुन्हा बाण लावणार आहे. हवाई छत्री उघडून शेतात उतरलेला, हात वर केलेला माणूस पुन्हा बाण लावणार नसतो. महाभारतात युद्धाच्या आधी दोन्ही पक्षांनी ठरवलेल्या नियमांतही शस्त्र टाकलेल्यावर आणि शरण आलेल्यावर वार न करण्याचा नियम होता. शरण आलेल्याने काल काय केलं याचा हिशेब मागता येतो, मागायलाच हवा. पण तो हिशेब जमाव मागू शकत नाही, आणि ज्याच्या हवाली तो आहे तो तर मुळीच नाही.

हे सगळं ज्याच्या बाबतीत सर्वांत अवघड होतं तो माणूस म्हणजे लेफ्टनंट जनरल ओकादा तासुकु. नागोया भागाचा सेनापती. १४ मे १९४५ च्या हल्ल्यात नागोयाचा जुना किल्ला जळाला. त्या उन्हाळ्यात त्याच्या हुकमाने ३८ अमेरिकन वैमानिकांची डोकी उडवली गेली. ११ जणांवर लष्करी खटल्याचा सोपस्कार तरी झाला, २७ जणांवर तोही नाही. १९४८ मध्ये योकोहामाला खटला चालला. इतर सेनापती हाताखालच्यांवर ढकलत होते, हाताखालचे सेनापतींवर. ओकादा म्हणाला, हुकूम माझा, जबाबदारी माझी. पण सरळ मान खाली घातली नाही. शहरांवर सरसकट बॉम्ब टाकणं हाच गुन्हा आहे, हे त्याने अमेरिकन न्यायालयाला ऐकायला लावलं. त्याचा वकील, तोही अमेरिकनच, त्याने बॉम्बफेकीतून वाचलेल्यांच्या साक्षी नोंदवल्या. या खटल्यावरच्या चित्रपटात एक प्रसंग आहे. न्यायाधीश त्याला विचारतात, तुम्ही जे केलंत ते प्रत्युत्तर होतं ना? युद्धनियमांत प्रत्युत्तराला थोडी जागा होती, हो म्हटलं असतं तर गळा वाचण्याची शक्यता होती. तो म्हणतो, नाही, ती शिक्षा होती. १७ सप्टेंबर १९४९ ला सुगामो तुरुंगात त्याला फाशी दिलं. त्याच्याबरोबरच्या आरोपींपैकी कुणालाही फाशी झाली नाही.

ओकादा निचिरेन पंथाचा बौद्ध होता, तुरुंगात तो तरुण कैद्यांना धर्म शिकवायचा. त्याच्यावर पुस्तक लिहिलं ओओका शोहेई यांनी, जे स्वतः फिलिपीन्समध्ये अमेरिकनांचे युद्धकैदी होते. कैदी राहिलेल्या लेखकाला कैद्यांना मारणारा सेनापती का आपलासा वाटला, हा मला पडलेला प्रश्न. माझा अंदाज असा, की त्याने आपल्या कृत्याचं नाव बदललं नाही म्हणून. त्याचं कृत्य मला आजही खूनच वाटतं. पण मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात एक विचार आहे, आणि मनूशी माझं एरवी अजिबात जमत नाही तरी तो मला पटतो: राजाने दिलेला दंड भोगलेला अपराधी निर्मळ होतो. म्हणजे दंड हा मेलेल्याच्या घरच्यांचं देणं आहे तसा मारणाऱ्याचाही हक्क आहे. ओकादाला तो मिळाला.

फुकुओकात मारणाऱ्यांना तो मिळाला नाही. ५ मे १९४५ ला क्यूशूमध्ये एक बी-२९ विमान पडलं. त्या वेळी पकडलेल्यांपैकी आठ अमेरिकनांना फुकुओकातल्या क्यूशू इम्पीरियल विद्यापीठाच्या शरीररचनाशास्त्र विभागात नेलं आणि जिवंतपणी शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेतलं. एकाचं फुप्फुस काढलं. रक्ताऐवजी समुद्राचं पाणी चालतं का पाहायला ते शिरेत सोडलं. आठही मेले. मुख्य शल्यचिकित्सक इशियामा फुकुजिरोने १९४६ मध्ये कोठडीत गळफास घेतला. १९४८ मध्ये २३ जण दोषी ठरले, पाच जणांना फाशीची शिक्षा सुनावली. एकालाही फाशी झाली नाही. १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटलं, अमेरिकेला जपान मित्र म्हणून हवा होता, जनरल मॅकआर्थरने शिक्षा कमी केल्या आणि १९५८ पर्यंत सगळे घरी गेले.

तोनो तोशिओ नावाचा विद्यार्थी तेव्हा तिथे होता. समुद्राच्या पाण्याची बाटली हातात धरायला त्याला सांगितलं होतं. पुढे तो फुकुओकातच डॉक्टर झाला, कागद शोधत राहिला आणि १९७९ मध्ये त्याने त्यावर पुस्तक काढलं. त्याच्यावर खटला झाला नव्हता. विद्यापीठाने आपल्या वैद्यकीय इतिहासाच्या संग्रहालयात या प्रकरणाला जागा दिली ती २०१५ मध्ये.

आमच्या गल्लीतले एक कीर्तनकार बुवा आहेत, वयाने मोठे. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा म्हणाले, "ताई, कोर्ट सोडतं, कर्म सोडत नाही. अश्वत्थामा अजून नर्मदेकाठी कपाळावर तेल मागत फिरतोय." मी म्हटलं, "बुवा, अश्वत्थाम्याला पकडून आणलं होतं, द्रौपदीपुढे उभं केलं होतं. मग शाप." भागवतात द्रौपदीच त्याला सोडा म्हणते, आपल्यासारखं त्याच्या आईला रडायला लावू नका म्हणते. पाच मुलं तिची मेली होती, क्षमा तिच्या हातात होती. मॅकआर्थरचं कोण मेलं होतं त्या टेबलावर? ती क्षमा नव्हती, सौदा होता. बुवा हसले, पण पटलं नाही त्यांना.

द्रौपदीसारखी क्षमा त्या युद्धातही सापडते. एप्रिल १९४२ मध्ये जपानवर पहिला हल्ला करून पकडल्या गेलेल्या आठ अमेरिकनांपैकी तिघांना जपान्यांनी ऑक्टोबरमध्ये गोळ्या घातल्या. चौथा कोठडीत मेला. उरलेल्यांपैकी जेकब डिशेझर चाळीस महिने कैदेत राहिला, बहुतेक काळ एकटा. १९४८ मध्ये तो मिशनरी होऊन जपानला परतला आणि ज्या नागोयावर बॉम्ब टाकले होते तिथेच चर्च उभारलं. त्याच्या साथीदारांना मारल्याबद्दलचा खटला १९४६ मध्ये शांघायला झाला होता, शिक्षा पाच ते नऊ वर्षांच्या होत्या. डिशेझरची क्षमा त्या शिक्षांच्या आड आली नाही, येण्याचं कारणही नव्हतं. क्षमा त्याने आपल्या वाट्याची केली. मेलेल्यांच्या वतीने माफ करायचा अधिकार त्यालाही नव्हता.

कर्मविपाकावर माझा विश्वास आहे की नाही, हे मी बुवांना सांगितलं नाही, इथेही सांगत नाही. एवढंच म्हणते की तो सिद्धांत ज्याचं माणूस गेलं त्याच्या घरात चालेल. सरकारच्या तोंडी तो आला की फाइल बंद करायची घाई आहे असं समजावं.

आपल्याकडचं शेवटचं सांगते. फेब्रुवारी २०१९ मध्ये विंग कमांडर अभिनंदन वर्धमान नियंत्रणरेषेपलीकडे उतरले. गावकऱ्यांनी मारहाण सुरू केली, पाकिस्तानी सैनिकांनी येऊन त्यांना बाजूला काढलं आणि १ मार्चला ते परत आले. ते दृश्य आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. त्याच्या वीस वर्षं आधी, २७ मे १९९९ ला, कारगिलच्या लढाईत स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा विमानातून छत्रीने उतरले होते. जिवंत खाली आल्यावर त्यांना गोळ्या घातल्या, असं भारताने शवविच्छेदनाच्या आधारे सांगितलं. पाकिस्तानने ते नाकारलं. आहुजांना मरणोत्तर वीरचक्र मिळालं. त्यांच्या मृत्यूबद्दल कुठल्याही देशाच्या कुठल्याही न्यायालयात खटला उभा राहिलेला नाही.