मंडळाचा आत्मा

नागसेनाने मिलिंद राजाला विचारलेला रथाचा प्रश्न आपल्या पंडितांनी देहाला आणि जीवाला पुष्कळ लावून पाहिला. गावोगावच्या तालमींना आणि क्रीडामंडळांना तो कोणी लावल्याचे माझ्या वाचनात नाही. चाके, आस, जू एकेक करून बाजूला काढल्यावर रथ म्हणून काय उरते? तसेच, खेळाडू बदलले, चालक वारले, मैदान गेले, तर मंडळ पूर्वीचेच आहे असे कोणत्या आधारावर म्हणावे?

हा नुसता तर्कविलास नव्हे. मेलबर्नच्या फिट्झरॉय या उपनगरात १८८३ साली निघालेला फुटबॉल क्लब (तो खेळ आपल्या परिचयाचा नव्हे, अंडाकृती चेंडूचा) कर्जाने जेरीस येऊन १९९६ अखेर दूरच्या ब्रिस्बेनच्या क्लबात विलीन झाला. सिंहाचे चिन्ह तिकडे गेले, माणसे बहुतांशी इकडेच राहिली, आणि २००९ पासून हौशी खेळाडूंचा संघ त्याच नावाने उपनगरातल्या जुन्या मैदानावर उतरू लागला. चिन्ह एकीकडे, वहिवाट दुसरीकडे. वारस कोणाला म्हणावे?

धाराशिव जिल्ह्यातल्या उमरग्याच्या मुलखाला असा पेच नवा नाही. निजामी अंमलात आखाडा काढायचा तर सरकारी परवानगीचा जाच असे; १९३८-३९ च्या आर्यसमाजी सत्याग्रहामागील गाऱ्हाण्यांत आखाड्यांवरील निर्बंधही होते, आणि त्या चळवळीतले हुतात्मा वेदप्रकाश याच तालुक्यातल्या गुंजोटीचे. हुकूम निघाला की आखाडा संपला, असे दफ्तराने खुशाल म्हणावे. ज्याने तिथे शड्डू ठोकला त्याला ते कसे पटावे? पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर या पट्ट्यातील कित्येक गावे जुनी गावठाणे सोडून नव्या जागी वसली. घर, चावडी, वेस, काही जागेवर उरले नाही. तरी गाव तेच, हे कोणाला सिद्ध करून दाखवावे लागले नाही.

मला या प्रश्नाचे उत्तर खो-खोत दिसते. नियमबद्ध खो-खो हे पुण्या-बडोद्याच्या जिमखान्यांचे अपत्य; पण धाराशिव जिल्ह्याने ते असे आपलेसे केले की येथल्या सारिका काळे यांना २०२० सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला. फक्कीने आखलेल्या चौकोनांत आठ जण उकिडवे बसलेले, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे केलेले, नववा धावतो. तो पाठीमागून थाप देऊन ‘खो’ म्हणतो, बसलेला उसळून उठतो, आणि थाप देणारा त्याच रिकाम्या चौकोनात बसतो. पाठलाग तुटत नाही, पाठलाग करणारा मात्र क्षणाक्षणाला निराळा. बसलेल्याला खो मिळाल्यावाचून उठता येत नाही, धावणाऱ्याला खो दिल्यावर उभे राहता येत नाही. अहंकाराला इतका थोडा वाव ठेवणारे शास्त्र मठांतही दुर्मीळ.

म्हणून नागसेनाशी माझा अर्धाच मतभेद आहे. चाकांवेगळा रथाचा आत्मा नाही, तसा सभासदांवेगळा मंडळाचाही नाही, हे कबूल. परंतु रथाचे चाक आपण होऊन रिकाम्या जागी बसत नाही. माणूस बसतो, कारण आपल्याआधी त्या जागेवर कोणी तरी बसले होते याचे ऋण तो मानतो. धर्मशास्त्राने पितृऋण सांगितले ते कुळापुरते. मंडळात रक्ताचा संबंध नसताना तेच ऋण फेडले जाते, आणि ते फेडणारा मिळतो तोवर मंडळ तेच राहते. या न्यायाने फिट्झरॉयविषयी माझा कौल उपनगराच्या बाजूने आहे, ब्रिस्बेनने पुढे कितीही अजिंक्यपदे जिंकली असली तरी.

उमरग्यात कोणी एखाद्या मंडळाचा इतिहास लिहायला घेतलाच, तर चषकांची यादी शेवटी द्यावी. सकाळी लवकर येऊन फक्की कोण मारीत असे, खांब कोण रोवीत असे, ते आधी म्हाताऱ्यांना विचारून घ्यावे. ही नावे कोणत्याही दफ्तरात सापडायची नाहीत.