विचार कर, मग ठरव



आजचा श्लोक गीतेच्या १८ व्या अध्यायातला, ६३ वा. सगळं सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनाला म्हणतात की, गूढाहूनही गूढ असं ज्ञान मी तुला दिलंय, आता त्याचा नीट, पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर.

हा श्लोक मी आधी कितीतरी वेळा वाचलाय. पण यावेळी तिथेच अडकले, कारण सध्या माझ्यापुढे एक निर्णय आहे. डाव्या कानाचं ऑपरेशन करायचं की नाही?

थोडक्यात सांगते. मला मेनियरचा आजार आहे. आपल्या आतल्या कानात ऐकण्याचा शंख असतो आणि त्याला लागून तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या. त्यांत द्रव असतो. या आजारात त्या द्रवाचा दाब वाढतो आणि मग खोली गरगर फिरायला लागते. एकेक झटका २० मिनिटांपासून १२ तासांपर्यंत चालतो. उलट्या, कानात गुंजारव, कान दडपल्यासारखा, आणि हळूहळू ऐकू येणं कमी. १८६१ साली पॅरिसच्या प्रोस्पेर मेनियर या डॉक्टरांनी दाखवून दिलं की अशी चक्कर कानातून येऊ शकते. तोवर हे सगळं मेंदूचं दुखणं समजलं जायचं.

(एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. चक्कर येते म्हणजे प्रत्येकाला मेनियर असतो असं नाही. कूस बदलली की काही सेकंद गरगरतं, तो प्रकार वेगळा आणि जास्त आढळणारा. कानातले बारीक कण जागा सोडतात म्हणून तो होतो, आणि डॉक्टर डोकं ठरावीक पद्धतीने वळवून तो बहुतेकदा बरा करतात. त्यामुळे माझं वाचून घाबरू नका, आधी तपासून घ्या.)

मीठ कमी केलं. खान्देशात राहून पापड, लोणचं, शेवभाजी सोडणं म्हणजे काय, ते इथल्या माणसालाच कळेल! गोळ्या झाल्या. कानाच्या पडद्यातून स्टिरॉइडची इंजेक्शनं झाली, चार महिने बरे गेले. मग जेंटामायसिनचं इंजेक्शन झालं. झटके कमी झाले, पण एक प्रकार राहिला. कोणीतरी मागून ढकलावं तशी मी अचानक पडते. शुद्ध हरपत नाही, सगळं कळत असतं, फक्त पायाखाली जमीन नसते. गेल्या पावसाळ्यात स्टेशनच्या जिन्यावर अशी पडले. तेव्हापासून आई मला एकटीला कुठे सोडत नाही. गाडी तर बंदच आहे.

आता जळगावच्या डॉक्टरांनी लॅबिरिन्थेक्टॉमी सुचवली आहे. म्हणजे त्या कानातला तोलाचा भागच काढून टाकायचा. चुकीचे संदेश पाठवणारं यंत्रच राहिलं नाही की चक्कर थांबण्याची शक्यता खूप मोठी. मेंदू मग उरलेल्या कानावर तोल सांभाळायला शिकतो, त्याला काही आठवडे-महिने आणि रोजचे व्यायाम लागतात. पण त्या कानाचं ऐकणं पूर्ण जातं, कायमचं. दुसरं मत घ्यायला धुळ्याला गेलो, तर तिथले डॉक्टर म्हणाले, थोडं थांबून बघा. बऱ्याच जणांत वर्षं गेली की झटके आपोआप विरळ होतात. शिवाय काहींना पुढे दुसऱ्या कानालाही हा आजार होतो, मग एक कान आधीच घालवलेला असला तर फार जड जातं.

दोघंही खरं बोलत होते. हीच तर अडचण आहे!

मी भजनी मंडळात पेटी वाजवते. डाव्या कानाने आता शब्द कळत नाहीत, नुसता आवाज कळतो. तोही वाकडा. एकच सूर उजव्या कानात एक आणि डाव्यात थोडा वेगळा ऐकू येतो. तरी मृदंगाची थाप डावीकडून येते तेव्हा ती डावीकडून आली हे कळतं. तेवढंच उरलंय, आणि तेवढंच द्यायचंय.

घरी सल्ल्यांना तोटा नाही. भाऊ म्हणतो, करून मोकळी हो. धुळ्याची आत्या म्हणते, "समदं देवना हातमा शे." मंडळातल्या एक काकू म्हणाल्या, प्रारब्ध भोगून संपवावं, कापाकापी करून ते संपत नाही. आत्याचं वाक्य मला पटतं, काकूंचं टोचतं. पण दोन्ही वाक्यांच्या आड एक प्रश्न दडलाय, तो मला आज तुमच्यापुढे ठेवायचाय. देवावर सोडणं म्हणजे नेमकं काय सोडणं?

गीता उघडली तर पहिल्याच अध्यायात अर्जुनाला चक्कर आलेली आहे. मी गंमत करत नाही हं. ३० व्या श्लोकात तो सांगतो की त्याला उभं राहवत नाही, मन भ्रमल्यासारखं, फिरल्यासारखं झालंय. आणि १८ व्या अध्यायाच्या ७३ व्या श्लोकात तोच म्हणतो की माझा संशय गेला, मी आता स्थिर उभा आहे. उभं राहवत नाही इथपासून स्थिर उभा आहे इथपर्यंत, एवढाच गीतेचा प्रवास. बाहेर काहीच बदललेलं नाही. दोन्ही सैन्यं तिथेच, रथ तिथेच.

आणि शेवटच्या अध्यायात बघा काय क्रम आहे. ६१ व्या श्लोकात भगवंत सांगतात की ईश्वर सगळ्यांच्या हृदयात बसून, यंत्रावर चढवल्यासारखं सगळ्या भूतांना फिरवतो. (हे वाचून मला हसू आलं. मला कोणी वेगळं सांगायची गरज नाही!) ६२ व्यात म्हणतात, त्यालाच शरण जा. इथे थांबले असते तर आत्याचं म्हणणं पूर्ण झालं असतं. पण लगेच पुढचा श्लोक म्हणजे आजचा ६३ वा. विचार कर आणि तूच ठरव. शरण जायला सांगितल्यावर लगेच निर्णय परत अर्जुनाच्या हातात दिला. म्हणजे शरणागतीमुळे विचार करण्याचं काम माफ होत नाही. प्रत्यक्ष भगवंत समोर असून त्यांनी अर्जुनाच्या वतीने ठरवलं नाही, मग आपण नातेवाईक मंडळी एकमेकांच्या वतीने किती पटकन ठरवतो!

हा अध्याय धुळ्याशी जोडलेला आहे, हे तुमच्यातल्या काहींना ठाऊक असेल. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एकेक अध्याय, अशी १८ प्रवचनं त्यांनी कैद्यांपुढे दिली. ती उतरवून घेतली साने गुरुजींनी, आपल्या अमळनेरच्या शाळेतल्या शिक्षकांनी. तीच ही 'गीता प्रवचने'. पहिल्याच प्रवचनात विनोबा एका न्यायाधीशाचं उदाहरण देतात. शेकडो गुन्हेगारांना त्याने फाशी सुनावलेली असते. एक दिवस स्वतःचाच मुलगा आरोपी म्हणून समोर येतो, आणि त्याला अचानक फाशीची शिक्षा अमानुष वाटायला लागते. विनोबांचं म्हणणं असं की तो बोलतो ते तत्त्वज्ञान वाटतं, पण बोलवून घेतंय ते ममत्व.

ही कसोटी मी स्वतःला लावली. माझ्या मैत्रिणीला हाच आजार असता, ती जिन्यावर पडली असती, तिचा तो कान जवळजवळ गेलेलाच असता, तर मी तिला 'प्रारब्ध भोग' म्हणाले असते का? छे. मग माझ्या कानाची वेळ आली की मला प्रारब्ध का आठवतं? त्यात किती श्रद्धा आहे आणि किती सुरीची भीती? भीती असायला हरकत नाही. ऑपरेशनला कोण भीत नाही? पण भीतीला देवाचं नाव द्यायला माझी हरकत आहे.

कोणी म्हणेल, गीता तर सहन करायला सांगते. हो, दुसऱ्या अध्यायात १४ व्या श्लोकात सांगते. थंडी-ऊन, सुख-दुःख येतात आणि जातात, ती सोस. पण जळगावच्या मे महिन्यात आपण ऊन सोसतो म्हणून सावलीत उभं राहणं सोडतो का? तितिक्षा म्हणजे जे टाळता येत नाही त्याने मन न ढळू देणं. उपाय नाकारणं हा तिचा अर्थ मला कुठे दिसत नाही. ऑपरेशन केलं तरी सोसायचं आहेच, नंतरचे महिने आणि एका बाजूची शांतता.

मग भक्ताने ऑपरेशन करावंच, असं म्हणायचंय का? तसंही नाही. दोन माणसं डोळ्यांपुढे ठेवा, दोघंही गीतेवर जगलेली. १९२४ च्या जानेवारीत गांधीजी येरवड्याचे कैदी होते. अपेंडिक्सचा त्रास उठला, पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवलं. १९०९ साली 'हिंद स्वराज्य'मध्ये डॉक्टर आणि दवाखान्यांवर कडक टीका केलेला हा माणूस. त्यांनी १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांच्या हातून शस्त्रक्रिया करून घेतली. मध्येच वीज गेली, कंदिलाच्या उजेडात काम पुरं झालं. पुढे त्यांनी प्रांजळपणे लिहिलं की या देहात जगायची इच्छा होती म्हणून होकार दिला. त्यांनी त्याला अध्यात्माचा मुलामा दिला नाही. आणि १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये पवनारला विनोबांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा ८७ वर्षांच्या विनोबांनी अन्न आणि औषध दोन्ही थांबवलं. १५ नोव्हेंबरला ते गेले. एकाने उपाय घेतला, एकाने नाकारला. दोघांच्या उशाशी गीता एकच होती. म्हणजे उत्तर श्लोकात छापलेलं नाही. श्लोक विचार करायला लावतो, आणि विचार करताना आपलं वय, आपलं उरलेलं काम, आपल्यावर अवलंबून असलेली माणसं हे सगळं समोर मांडावं लागतं.

आता फळाचं. अमेरिकेचा पहिला अंतराळवीर ॲलन शेपर्ड याला १९६३ च्या सुमारास हाच आजार झाला आणि त्याचं उड्डाण बंद झालं. १९६८ साली त्याच्या कानावर ऑपरेशन झालं. त्यात कान काढत नाहीत, द्रवाला वाट करून देतात. १९७१ मध्ये तो अपोलो १४ मधून चंद्रावर चालला! हे वाचून कोणालाही हुरूप येईल. पण त्याच प्रकारच्या ऑपरेशनचा डेन्मार्कमध्ये एक अभ्यास झाला, १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेला. ३० रुग्णांपैकी काहींचं खरं ऑपरेशन केलं, काहींचं वरवरचं. बरं वाटलं दोन्ही गटांतल्या बहुतेकांना. त्यावर पुढे तज्ज्ञांत बराच वाद झाला. माझं ऑपरेशन वेगळं आहे, पण मला यातून कर्मयोग कळला. फळ मिळालं तरी ते आपल्याच कर्माने मिळालं याची खात्री नसते. आपल्या हाती आहे ते नीट विचारून, नीट समजून पाऊल टाकणं.

तर माझा निर्णय. मी ऑपरेशन करून घेणार आहे, मुंबईला. त्याआधी उजव्या कानाची पुन्हा पूर्ण तपासणी होईल. त्यात आजाराची खूण दिसली तर थांबेन, कारण धुळ्याच्या डॉक्टरांचं म्हणणं मला हलकं करायचं नाही. खूण नसेल तर डावा कान देईन. आईला रात्री माझ्या पडण्याच्या आवाजाच्या भीतीने जागं राहावं लागतं, ते माझ्या प्रारब्धात धरायचं की तिच्या? हा देह माझ्या एकटीचा असता तर कदाचित थांबलेही असते.

नवस मात्र बोलणार नाही. 'बरी झाले तर अमुक करीन' असा सौदा करावासा वाटत नाही. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघते, तिच्याबरोबर चालायची इच्छा आहे. तोल परत आला तर चालेन, नाही आला तर घरून नाम घेईन. नामाला दोन कान लागतात असं कुठे लिहिलंय?

तुमच्यापैकी कोणी अशाच वळणावर असेल आणि विचार करून 'नको' म्हणेल, तर त्याचं 'नको'ही मला तितकंच मान्य आहे. फक्त ते विचार करून आलेलं असावं.

आजची साधना: जो निर्णय तुम्ही 'देव बघून घेईल' म्हणून पुढे ढकलताय, तो एका कागदावर लिहा. खाली दोन प्रश्न लिहा. हेच माझ्या जवळच्या माणसाचं असतं तर मी काय सांगितलं असतं? आणि माझ्या उत्तरात भीती किती, श्रद्धा किती? मग १८ व्या अध्यायातले ६१, ६२, ६३ हे तीन श्लोक याच क्रमाने वाचा. घाई करू नका. अर्जुनालाही १८ अध्याय लागले होते.

राम कृष्ण हरी.