बर्जिल्लयाला विचारून पाहा

शास्त्रपाठ : 2 शमुवेल 17:27-29 आणि 19:31-40



दावीद आणि गल्याथ यांची गोष्ट शब्बाथ शाळेतल्या लहानग्यालाही तोंडपाठ असते. बर्जिल्लयाची गोष्ट मात्र मोठ्यांनाही आठवत नाही, आणि व्यासपीठावरून ती क्वचितच ऐकू येते. अबशालोमाच्या बंडामुळे दावीद राजधानी सोडून यार्देनेपलीकडे महनाईम येथे आला, तेव्हा गिलाद प्रांतातील हा सधन वृद्ध अंथरुणे, भांडी, गहू, सातू, डाळी, मध, लोणी असा शिधा घेऊन त्याच्याकडे गेला. थकल्याभागल्या माणसांना काय लागते हे त्याला कोणी सांगावे लागले नाही. पुढे बंड मोडले आणि राजा परत निघाला. नदीपर्यंत पोचवायला आलेल्या या वृद्धाला तो म्हणाला की, माझ्याबरोबर यरुशलेमेस चला, तेथे मी तुमचा सांभाळ करीन.

राजाचा हेतू चांगला होता यात शंका नाही. परंतु बर्जिल्लयाने नम्रपणे नकार दिला. त्याचे वय 80 वर्षांचे होते. बऱ्यावाईटातला भेद आता कळत नाही, खाल्लेल्या अन्नाची चव लागत नाही, गाणाऱ्यांचे सूर कानांना ऐकू येत नाहीत, असे त्याने राजाला स्पष्ट सांगितले. मग राजावर आपला भार कशाला? त्याला आपल्याच गावी, आईबापांच्या कबरेजवळ देह ठेवायचा होता. आपल्याऐवजी त्याने तरुण किम्हामाला राजाबरोबर पाठविले.

हा पाठ आज निवडण्याचे कारण सांगतो. आपल्या देशात वैद्यकीय आणि सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्यांना रुग्णालयाबाहेर, वस्तीत नेऊन शिकविण्याची पद्धत आता चांगली रुळली आहे. 2022 पासून तर एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमातच कुटुंब दत्तक योजना आली. विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून काही कुटुंबे आपली मानायची, त्यांच्या घरी वरचेवर जायचे, तपासण्या करायच्या आणि गरज पडेल तेथे उपचाराची वाट दाखवायची, अशी तिची आखणी आहे. 2011 च्या जनगणनेत 60 वर्षांवरील माणसे 10 कोटींहून अधिक भरली होती. त्याअर्थी विद्यार्थी ज्या दारी जाईल तेथे पुष्कळदा एखादे आजोबा किंवा आजी बसलेल्या असणारच. उद्या हा विद्यार्थी आपल्या मंडळीच्या वस्तीत आला, तर त्याला काय शिकायला मिळेल, आणि आपल्या वृद्धांच्या पदरात काय पडेल?

बर्जिल्लयाचे उत्तर पुन्हा वाचून पाहा. त्याने एकाही रोगाचे नाव घेतलेले नाही. आपल्याकडून काय होत नाही, एवढेच तो सांगतो : समज, चव, कान. नवल हे की जागतिक आरोग्य संघटनेने वृद्धांच्या तपासणीसाठी 2019 साली जी पुस्तिका काढली, तीही जवळजवळ याच वाटेने जाते. तीन शब्द सांगून थोड्या वेळाने विचारावे, ते आठवतात का. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठायला सांगावे, 14 सेकंदांत जमते का. मागल्या तीन महिन्यांत मनात नसताना वजन 3 किलोंहून अधिक उतरले का, भूक लागते का. डोळ्यांना दिसते का, कुजबुजलेले ऐकू येते का, मन उदास राहते का. यंत्रे फारशी लागत नाहीत. वेळ मात्र लागतो. आणि समोरच्या माणसाला उत्तर द्यावेसे वाटले पाहिजे.

अडते ते येथेच. अशी कल्पना करा की विद्यार्थी छापील फॉर्म घेऊन आला आहे. आजी खाटेवर, सूनबाई दाराशी, नातू टीव्हीपुढे. तो विचारतो, "आजी, जेवण जातं का? झोप लागते का? काही त्रास?" आजी म्हणतात, "सगळं बरं आहे बाळा. देवाची दया." फॉर्म भरला, सही झाली, विद्यार्थी पुढच्या घरी गेला. आजी खोटे बोलल्या काय? मुळीच नाही. सुनेच्या देखत जेवणाचे काय सांगणार? रात्री न्हाणीघराकडे जाताना दोनदा पडल्याचे सांगितले, तर उद्यापासून फिरणे बंद होईल. ऐकू येत नाही म्हटले, तर यंत्राचा खर्च मुलावर पडेल. बर्जिल्लयाच्या तोंडचा तो भाराचा शब्द आपल्या घराघरांतून रोज उच्चारला जातो, फक्त मोठ्याने नाही. पहिल्या भेटीत कळते ते नाव आणि वय. खरे दुखणे तिसऱ्या-चौथ्या भेटीत, सूनबाई बाजारात गेलेल्या असताना, चहा पिता पिता बाहेर येते. हे वर्गातल्या फळ्यावर शिकविता येत नाही.

असे शिक्षण पूर्वी कोणी दिलेच नाही असे नाही. वर्ध्याजवळ सेवाग्रामला 1969 साली डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तेथे पहिल्या वर्षाची तुकडी एखाद्या गावी पंधरा दिवस मुक्कामाला जाते, आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही घरे सोपविली जातात. आपल्याला अधिक जवळचे उदाहरण जामखेडचे. वेल्लोरच्या ख्रिस्ती महाविद्यालयात शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य 1970 साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील या दुष्काळी भागात आले. त्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या. त्यांतल्या पुष्कळ निरक्षर होत्या, आणि त्या सर्व जातींतल्या होत्या. त्यांना आरोग्याचे शिक्षण देऊन त्यांनी आपापल्या गावी पाठविले. 1979 साली या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आम्हांला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. देशोदेशीचे विद्यार्थी जामखेडला शिकायला येऊ लागले आणि या गावकरी बायकांपुढे बसू लागले. ज्यांना कोणी पाटीवर अक्षर गिरवायला दिले नव्हते, त्यांच्या तोंडून पदवीधर शिकू लागले. शहाणपणाची वाट खालून वर जाते, हे प्रभूच्या राज्यात नवे नाही. मंदिरातल्या बालकाला कोणी ओळखले हे लूक सांगतो, तेव्हा तो शिमोनाचे आणि 84 वर्षांच्या विधवा हन्नेचे नाव घेतो, याजकांचे घेत नाही.

बेळगाव, हैदराबाद, बडोदे, इंदूर येथील आपल्या मंडळ्यांपुढे आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. येणारा विद्यार्थी कानडी, तेलुगू, गुजराती किंवा हिंदी बोलणारा असेल. आपल्या वृद्धांना या भाषा येतात, बाजारापुरत्या उत्तम येतात. परंतु दुखणे सांगायची भाषा वेगळी असते. छातीत "कालवल्यासारखं होतं" याला तेलुगूत काय म्हणावे? स्मृतिभ्रंश झालेल्यांत तर मागाहून शिकलेली भाषा आधी सुटते आणि आईच्या तोंडची तेवढी उरते, असे बऱ्याचदा दिसते. घरी नातवंडांचे शिक्षण दुसऱ्याच भाषेत. मग आजोबा गप्प होतात, आणि गप्प माणूस समाधानी आहे असे सगळ्यांना वाटते.

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय उघडा. यरुशलेमेच्या पहिल्या मंडळीत जे पहिले गाऱ्हाणे उठले, ते नेमके हेच : हेल्लेणी भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांकडे रोजच्या वाटणीत दुर्लक्ष होत होते. मंडळी प्रार्थनेत आणि शिक्षणात कमी नव्हती, तरी परभाषी म्हाताऱ्या बायका तिच्या नजरेतून सुटल्या. प्रेषितांनी यावर उपदेशाची सभा भरविली नाही. त्यांनी सात माणसे निवडून घ्यायला सांगितले, आणि त्या साताही जणांची नावे हेल्लेणी आहेत. ज्यांची भाषा, त्यांच्यातलीच माणसे. हा धडा आपण घेतला, तर विद्यार्थ्याबरोबर घरोघर जायला मंडळीतील मराठी जाणणारी दोन-तीन शहाणी माणसे देणे आपल्या हातचे आहे. दुभाषी म्हणून जाणाऱ्याने मात्र तोंडाला कुलूप घालावे. आजींच्या गुडघ्यांची कथा रविवारी देवळाच्या पायरीवर पोचली, तर पुढल्या वेळी त्या गुडघे दुखतात हेही सांगणार नाहीत.

आता थोडे आपल्याविषयी. नाताळात आपण वृद्धांच्या घरी फराळाचा डबा पाठवितो, वर्षातून एकदा शाल पांघरतो, तरुण संघ दारात उभा राहून मोठ्याने गीते गातो. ज्यांना बर्जिल्लयाप्रमाणे सूर ऐकू येत नाहीत तेही हात जोडून हसतात, आणि फराळातल्या चिवड्याला दात लागतात हे कोणी ध्यानात घेत नाही. हे सारे प्रेमापोटीच होते, आणि ते थांबवावे असे आम्ही म्हणत नाही. दाविदाची सूचनाही प्रेमापोटीच होती. दाविदाचा मोठेपणा त्याच्या उत्तरात आहे : मग तुम्हांला जे बरे वाटेल तेच करीन, अशा अर्थाचे तो बोलला, आणि स्वतःचा बेत बाजूला ठेवला. राजाने एका वृद्धाचे ऐकून बेत बदलला. पंच कमिटीला हे का जमू नये?

विद्यार्थ्यांना पाठविणाऱ्या संस्थांशी बोलताना पाळकांनी आणि वडीलमंडळींनी काही गोष्टी संकोच न करता विचाराव्यात. तपासणीत रक्तदाब किंवा साखर वाढलेली आढळली, तर त्या माणसाला कोठे न्यायचे आणि कोण नेणार? नुसते मोजून जाणे हे शिक्षण असेल, सेवा नव्हे. सरकारचा वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010-11 पासून आहे, आणि 2024 च्या ऑक्टोबरपासून 70 वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान कार्ड मिळण्याची सोय झाली. कागदपत्रांपुढे हात टेकलेल्या वृद्धाला ते कार्ड काढून देणे हाही विद्यार्थ्याच्या अभ्यासाचाच भाग व्हावा. आणखी एक : वृद्धांची छायाचित्रे त्यांना विचारल्याशिवाय काढू नयेत. आपल्या म्हाताऱ्यांचे शरीर म्हणजे प्रदर्शन नव्हे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना आमची एक विनंती आहे. वरच्या वर्गातील मुलांना एखाद्या महिन्यात गाणे म्हणायला न नेता ऐकायला न्या. दोन मुले, एक आजोबा, अर्धा तास. मुलांनी तीनच गोष्टी विचाराव्यात : आता काय जमत नाही, काय अजून जमते, आणि आमच्याकडून काय हवे. उत्तर ऐकून धक्का बसेल. कोणाला औषधाच्या पुडीवरचे बारीक अक्षर वाचून हवे असेल. कोणाला, बर्जिल्लयाप्रमाणे, कबरस्थानात आपल्या माणसाच्या कबरेपर्यंत हात धरून नेणारे कोणी. आणि जे अजून जमते ते करायची संधी त्यांना द्यावी. ज्यांचे डोळे गेले त्यांना स्तोत्रे पाठ असतात. मुलांना शिकवायला त्याहून काय लागते?

मात्र एकदा गेलात तर पुन्हा जा. विद्यार्थ्यांचे वर्ष संपते, तुकडी बदलते, आणि ज्या दारी आठ महिने पावले वाजली ते दार एकाएकी मुके होते. वृद्धांना याचा जो चटका बसतो तो कोणत्याही फॉर्मवर लिहिला जात नाही. म्हणून निरोप घेण्याची रीत शिकविली पाहिजे. दाविदाने नदी ओलांडल्यावर बर्जिल्लयाचे चुंबन घेतले, त्याला आशीर्वाद दिला, मग तो वृद्ध आपल्या गावी परतला. राजाने त्याला विसरूही दिले नाही. मरणसमयी शलमोनाला आज्ञा देताना त्याने बर्जिल्लयाच्या मुलांना आपल्या पंगतीस ठेव असे बजावले. आणि किम्हाम? शेकडो वर्षांनी, यिर्मयाच्या 41 व्या अध्यायात, बेथलेहेमाजवळ मिसराच्या वाटेवर एक उतारूंची जागा भेटते. तिच्या नावात किम्हामाचेच नाव आहे.