‘कुठे?’ या प्रश्नाचे उत्तर

मराठीत आपण ‘रुग्णवाहिका’ म्हणतो: रुग्णाला वाहून नेणारी. ‘ॲम्ब्युलन्स’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या फ्रेंच शब्दप्रयोगाचा अर्थ मात्र ‘चालते रुग्णालय’ असा आहे. एका शब्दात रुग्ण दवाखान्याकडे जातो, दुसऱ्यात दवाखानाच रुग्णाकडे निघतो. म्हैसूर जिल्ह्यातल्या सरगूरमध्ये बोलताना लोक सरळ ‘नूरा एंटु’ म्हणतात, म्हणजे एकशे आठ. भाषांतराचे काम करणारीला या तीन नावांतले अंतर गमतीचे वाटायचे. गेल्या पावसाळ्यात ते तसे वाटेनासे झाले.

सरगूर हे कबिनी धरणाजवळचे छोटे गाव. म्हैसूर शहर तिथून पन्नास-साठ किलोमीटरवर, आणि नागरहोळे व बंडीपूरची जंगले जवळ. जंगलाच्या कडेने जेनू कुरुब, काडू कुरुब अशा आदिवासींच्या ‘हाडी’, म्हणजे वस्त्या आहेत. त्यांतली बरीच कुटुंबे धरणामुळे किंवा अभयारण्यामुळे आपली मूळ जागा सोडून आलेली.

मी एका मैत्रिणीकडे उतरले होते. तिच्याकडे कामाला येणारी बाई संध्याकाळी धावत आली. हाडीवर भावजयीला कळा सुरू झाल्या होत्या आणि रक्त जात होते. तिने मदतीसाठी फोन लावला. पलीकडचा आवाज सौम्य होता, चिकाटीचाही. गाव कोणते? जवळची खूण काय? ती सांगत होती : मोठ्या चिंचेपासून आत, हत्तींसाठी खणलेला चर ओलांडून, जिथे मागल्या वर्षी गाय मेली तिथे. एकही तपशील चुकीचा नव्हता, पण नकाशावर त्यातले काहीच नव्हते. शेवटी मैत्रिणीने फोन घेतला आणि तीच जागा शाळा, डांबरी रस्ता आणि फाटा यांच्या भाषेत सांगितली. गाडी निघाली. फाट्यापासून पुढे बाईला चादरीच्या झोळीतून आणावे लागले. आई आणि मूल दोघेही वाचले.

चूक कोणाचीच नव्हती, आणि मला छळत राहिले ते हेच.

जखमींना हलक्या घोडागाड्यांतून त्वरेने उचलण्याची पद्धत नेपोलियनचा शल्यविशारद डोमिनिक लॅरे याने अठराव्या शतकाच्या अखेरीस रुजवली. हुद्दा बघायचा नाही, जखम बघायची, हा त्याचा दंडक. आजच्या सेवेचा नैतिक पाया तोच आहे. कर्नाटकात नोव्हेंबर 2008मध्ये ‘आरोग्य कवच’ या नावाने 108 सुरू झाली, महाराष्ट्रात 2014मध्ये. फोन नियंत्रण कक्षात जातो, जवळची मोकळी गाडी पाठवली जाते, प्रशिक्षित माणूस जागेवरच उपचार सुरू करतो. जात, पैसा, ओळख काही विचारले जात नाही. आपल्या समाजात ही लहान गोष्ट नव्हे.

‘कोण?’ हा प्रश्न सेवेने टाकून दिला, पण ‘कुठे?’ हा विचारावाच लागतो. आणि माणूस कुठे राहतो हे आपल्याकडे बहुतेकदा तो कोण आहे यावरूनच ठरलेले असते. दारातून घालवलेला प्रश्न असा खिडकीतून परत येतो.

त्यावर उपाय काय? गाडी जंगलाच्या जवळ आणून उभी करावी, हे उत्तर सोपे वाटते, पण नाही. साधारण एक लाख लोकसंख्येमागे एक साधी रुग्णवाहिका, असे सरकारी माप आहे. म्हैसूर शहरात तेवढी माणसे थोड्या चौकांत मावतात आणि गाडीला उसंत मिळत नाही. हाडीच्या वाटेवरची गाडी पुष्कळ वेळ नुसती उभी राहील. त्याच वेळी शहरात कोणी तिची वाट बघत असेल. त्या माणसाचा जीव कमी मोलाचा म्हणायचा का?

मुळीच नाही. पण शहरातल्या माणसाला रिक्षा आहे, शेजाऱ्याची मोटार आहे, दोन-चार किलोमीटरवर दवाखाना आहे. त्याच्यासाठी रुग्णवाहिका हा उत्तम पर्याय असतो. हाडीवरच्या बाईसाठी तिच्यानंतर उरते ती फक्त झोळी. आमच्या नंदुरबार-गडचिरोलीतही तीच. म्हणून सर्वांना समान गाड्या देणे आणि सर्वांना समान संधी देणे या दोन गोष्टी एक नव्हेत. तिथे रिकामी उभी असलेली गाडी वाया जात नसते. ती उभी आहे, हीच तिची सेवा.

या भागाला अपवादाचे शहाणपण नवे नाही. बंडीपूरमधून जाणारा हमरस्ता प्राण्यांसाठी 2009पासून रात्री नऊ ते सहा बंद असतो, पण रुग्णवाहिकेला सोडतात. नियमाइतकाच तो अपवादही न्यायाचा भाग आहे.

तरी गाडी जवळ आणल्याने सगळे मिटत नाही. चिंच, चर आणि मेलेली गाय हासुद्धा पत्ताच आहे, हे कोणीतरी शिकले पाहिजे. इतकी वर्षे मी समजत होते की दुसऱ्याचे म्हणणे आपल्या भाषेत आणणे म्हणजे भाषांतर. त्या संध्याकाळी दुसरी बाजू दिसली. ज्याच्या हातात गाडी आहे त्याने समोरच्याची भाषा शिकायची, की ज्याला कळा येताहेत त्याने नकाशाची? दवाखाना खरोखर चालत जाणार असेल, तर पाऊल कोणी उचलायचे हे उघड आहे.