पाणी कोण ओढतं?

थंडी पडली की मध्य प्रदेश-महाराष्ट्र सीमेवरच्या पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यात संत्र्याच्या बागा ताणावर सोडतात. पाणी बंद. पानं मलूल होतात, थोडी गळतात, वाढ थांबते. मग आधी हलकं, नंतर भरपूर पाणी दिलं की आंबिया बहार फुटतो. या दिवसांत बागेत सारखं एकच क्रियापद ऐकू येतं: ओढणं. झाड पाणी ओढायला लागलं, अजून ओढत नाही. युरिया जास्त पडून पानांच्या कडा करपल्या, तर खतानंच पाणी ओढून घेतलं. कर्ता कधी झाड, कधी खत. पाणी कधीच नाही.

या ओढीचा कर्ता कोण, हा प्रश्न विज्ञानालाही अडीचशे वर्षं पुरला.

१७४८ मध्ये झां-आंत्वान नोले या फ्रेंच धर्मगुरूनं मद्यार्काची कुपी जनावराच्या मूत्राशयाच्या पडद्यानं बांधून पाण्यात ठेवली. हवा लागू नये, एवढाच हेतू. काही तासांनी पडदा फुगून टणक झालेला. टाचणी टोचताच आतून चिळकांडी उडाली. या पडद्यातून पाणी मद्यार्कापेक्षा सहज जातं, एवढंच नोले म्हणाला. दिसलं त्यापलीकडे त्यानं काही सांगितलं नाही, म्हणून तो मला फार जवळचा वाटतो.

आंरी द्युत्रोशेचं तेवढ्यावर भागलं नाही. १८२६ मध्ये त्यानं या प्रवाहात जीवनाच्या हालचालीचं मूळ कारणच पाहिलं आणि त्यामागे वीज असावी असं मानलं. वीज निघाली नाही. पण पेशी पाणी पिते ती याच वाटेनं, हे त्यानं ओळखलं होतं.

मग १८७७ मध्ये विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञानं मोजमाप केलं. मातीच्या सच्छिद्र भांड्याच्या भिंतीत त्यानं एका तांब्याच्या क्षाराचा पापुद्रा बसवला. त्यातून पाणी जाई, साखर जात नसे. एक टक्का साखरेच्या पाण्यानं पाऱ्याचा ५३.५ सेंटिमीटरचा स्तंभ तोलून धरला. इतकं फिकं गोड पाणी, आणि दाब सात मीटर उंच पाण्याएवढा, म्हणजे आमच्या संत्र्याच्या झाडाहून उंच! साखर चार टक्के केल्यावर आकडा आला २०८.२, जवळजवळ चौपट.

या आकड्यांवरून व्हॅन्ट हॉफनं दाखवलं की विरघळलेली साखर बंद भांड्यातल्या वायूचाच नियम पाळते. रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल त्याला १९०१ मध्ये मिळालं. इथे ओढणारा कर्ता नाहीसा झाला. पाण्याचे रेणू पडद्यातून दोन्हीकडे ये-जा करतच असतात. साखरेच्या बाजूनं परतणारे कमी पडतात, एवढंच. युरियाचंही तसंच. मातीतलं द्रावण मुळातल्या रसाहून दाट झालं की मुळात येणाऱ्या पाण्यापेक्षा जाणारं जास्त होतं. खत काहीही ओढत नाही. या प्रवाहाला पुस्तकात नाव आहे परासरण. आमच्या सीमेवर हे एक बरं आहे: मुलगा हिंदी शाळेत शिको की मराठी, शब्द तोच.

झाडाचा मात्र सगळा हक्क गेला नव्हता. पाणी पेशीच्या पडद्यातून नुसतं झिरपतं, की त्याला खास वाट असते, हे बराच काळ वादात होतं. १९९२ मध्ये पीटर ॲग्रे आणि सहकाऱ्यांनी तांबड्या रक्तपेशीतल्या एका प्रथिनाची कृती बेडकाच्या अंड्यांत घातली. साधी अंडी पातळ द्रावणात जशीच्या तशी राहिली. प्रथिनवाली फुगून फुटली. पाण्याची दारं सापडली. ॲग्रेना २००३ मध्ये नोबेल मिळालं. अशी दारं मुळांतही आहेत, आणि ती मिटतात.

हे वाचलं तेव्हा मला पावसाळ्यातली बाग आठवली. काळ्या जमिनीत पाणी तुंबतं आणि झाड पाण्यात उभं राहून सुकतं. लहानपणी हे मला अन्यायासारखं वाटे. फेफरच्या हिशेबानं तर मुळात पाणी शिरायलाच हवं. पण बुडालेल्या मुळांना प्राणवायू मिळत नाही, पेशीतला रस आंबट होतो आणि दारं बंद होतात. मोहरीच्या कुळातल्या एका इवल्या रोपात हे २००३ मध्ये सिद्ध झालं. संत्र्यात मूळकुजीचा भागही मोठा असतो, पण सुरुवात अशीच होत असावी.

अशा झाडाकडे पाहून जुने बागाईतदार एवढंच म्हणत, झाड पाणी घेत नाही. आणि कुदळ घेऊन ओळींमधून चर खणायला लागत.