समोरून येणाऱ्याचे डोळे

दिव्याविषयी लिहावयास एखादा धर्मगुरू बसला की त्याचे पुढचे प्रवचन वाचकांस आधीच ऐकू येऊ लागते. तो दिवा आम्ही आज बाजूस ठेवीत आहोत. आमचा दिवा मोटारीचा आहे, सात इंच व्यासाचा. आणि ज्या मोटारीला तो लावलेला होता ती १९७२ साली इंग्लंडातील अ‍ॅबिंग्डन या गावी तयार झालेली होती.

२०२३ च्या नोव्हेंबरात आम्ही इंग्लंडमधील एका धर्मग्रामात तेथील फादरांच्या रजेच्या काळापुरते सेवेस होतो. आमच्या वसईकडच्या जुन्या धर्मग्रामातला एक मुलगा तेथून जवळच राहतो. मुलगा म्हणायचे ते आमच्या सवयीने. एके काळचा हा वेदीसेवक आता पंचेचाळिशीतला अभियंता आहे आणि त्याच्या डोक्यावरचे केस आमच्याहून कमी आहेत. त्याने एक जुनी एमजीबी घेतली आहे. १९६२ ते १९८० या काळात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून या जातीच्या पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. दोन माणसांची, उघड्या टपाची, जमिनीलगत धावणारी ही स्पोर्ट्स कार. तिच्यात बसणे म्हणजे बसणे नव्हे, उतरणे होय. आमच्या गुडघ्यांनी पहिल्याच दिवशी निषेध नोंदविला.

एका संध्याकाळी तो आम्हांस मिस्सेनंतर घरी नेत होता. त्या देशात नोव्हेंबरात चार वाजून गेले की अंधार पडू लागतो. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंस कुंपणाची झुडपे, दिवा कोठेही नाही. गाडीचे दिवे पिवळट, दमलेल्या माणसासारखे. समोरून एक उंच, नवी गाडी आली आणि तिचे पांढरेशुभ्र झोत थेट आमच्या चेहऱ्यावर आदळले. दोन-तीन क्षण काहीही दिसेना. त्याने गाडी अगदी हळू केली, आणि गाडी मागे गेल्यावर म्हणाला, "फादर, आता पुरे झालं. मीसुद्धा एलईडी टाकणार. त्यांना आमची पर्वा नाही, तर आम्ही का मिणमिणतं राहायचं?"

घरी पोहोचल्यावर चहा घेताना हाच विषय चालला. त्याने बल्ब मागवूनही ठेवले होते. आम्ही सहज विचारले, कायद्याला हे चालते काय? तो हसला. तेथील वार्षिक वाहन तपासणीत २०२१ पासून असा नियम आहे की हॅलोजनसाठी घडविलेल्या दिव्यात एलईडी बल्ब बसविला असेल तर गाडी नापास करावी. परंतु १ एप्रिल १९८६ पूर्वी प्रथम रस्त्यावर आलेल्या गाड्यांना हा नियम लागू नाही. शिवाय मोठे फेरफार न केलेल्या, चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना मे २०१८ पासून ती तपासणीच सक्तीची राहिलेली नाही. म्हणजे त्याच्या गाडीस कोणी तपासणार नव्हते, आणि तपासले तरी या कारणासाठी कोणी अडविणार नव्हते. "कायदा माझ्या बाजूनं आहे, फादर," असे तो म्हणाला, आणि ते खरे होते.

येथे आम्हांस प्रश्न पडला. ज्या बल्बामुळे १९९० सालच्या गाडीसमोरील माणसाचे डोळे दिपतात, त्याच बल्बामुळे १९७२ च्या गाडीसमोरील माणसाचे डोळे दिपत नाहीत काय? डोळ्याला गाडीच्या जन्माची तारीख कळत नाही. कायद्याने जुन्या वस्तूंस दिलेली सूट ही त्या वस्तूंच्या वयाचा मान राखण्यासाठी आहे. समोरून येणाऱ्याचे त्यात काही माफ झालेले नाही.

तथापि मुलाची बाजूही हलकी नव्हती. या गाडीतून तो आपल्या मुलीला पोहण्याच्या शिकवणीहून रात्री घरी आणतो. रस्त्यावरचा खड्डा किंवा काळ्या कपड्यांतला पादचारी वेळेवर दिसला नाही तर त्याची जबाबदारी कोणाची? अपुऱ्या दिव्याने गाडी हाकणे हा साधेपणा नव्हे. जुन्या गाड्यांच्या शौकिनांत काही जण 'सगळे मुळात होते तसेच ठेवा' असा आग्रह धरतात. शोभेपुरता तो ठीक आहे. परंतु अंधाऱ्या रस्त्यावर हा आग्रह धरणारा आपल्या हौसेची किंमत एखाद्या पादचाऱ्यास द्यावयास लावतो.

मग दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे गॅरेजात उभे राहिलो आणि त्याने आम्हांस दिव्याचे शास्त्र शिकविले. ते येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण आमच्या मते नीतीचा प्रश्न तेथेच सुटतो.

प्रथम चकचकीत कडी खालून हलकेच उचकटून काढावयाची. तिच्या आत एक पातळ वलय तीन स्क्रूंनी धरलेले असते. ते सोडविले की अख्खा दिवा हातात येतो. बाजूला आणखी दोन स्क्रू असतात. त्यांना हात लावावयाचा नाही. ते झोताची दिशा ठरविणारे आहेत. त्याच्या गाडीत जुना 'सीलबंद' दिवा होता: काच, आरसा आणि तंतू एकाच कवचात; तंतू तुटला की सगळेच टाकून द्यावयाचे. त्याच्या जागी त्याच मापाचा, बल्ब बदलता येणारा दिवा बसतो. या बल्बास एच-४ म्हणतात. तो १९७१ साली निघाला, म्हणजे या गाडीहून वर्षाने मोठा. त्याच्या काचेत हॅलोजन वायू असतो. तापलेल्या तंतूतून उडालेले टंगस्टन त्या वायूच्या योगे पुन्हा तंतूवर येऊन बसते, म्हणून काच काळवंडत नाही. बसविताना काचेला बोट लावू नये. बोटाचे तेल तेथे जळते आणि बल्ब लवकर जातो.

या बल्बात दोन तंतू असतात. लांबच्या झोताचा ६० वॉटचा, जवळच्या झोताचा ५५ वॉटचा. जवळच्या झोताच्या तंतूखाली धातूची एक चिमुकली वाटी असते, नखाएवढी. तंतूचा खाली जाणारा प्रकाश ती अडविते. खालचा प्रकाश आरशाच्या खालच्या भागावर पडला असता तर तो उलटून वर, समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता. ती वाटी मुद्दाम निम्मा आरसा अंधारात ठेवते. तिची एक कड अशी कापलेली असते की रस्त्याच्या डाव्या कडेला झोत थोडा वर चढतो आणि उजवीकडे, जिकडून समोरची गाडी येते, तिकडे खाली राहतो. (उजवीकडून चालणाऱ्या देशांतला दिवा चुकून आणला तर नेमके उलटे होते.) आम्ही ती वाटी चष्मा वर करून कितीतरी वेळ पाहिली. दिवा बनविणाऱ्या माणसाने आपल्याच दिव्याचा काही भाग झाकून टाकला होता, आणि तोही ज्याला तो कधी भेटणार नव्हता अशा माणसासाठी.

एलईडीची गोष्ट वेगळी. त्यात तंतू नसतो. पातळ पट्टीच्या दोन्ही अंगांस प्रकाश देणारे ठिपके चिकटविलेले असतात. आरसा मात्र तंतूच्या नेमक्या जागेचा आणि आकाराचा हिशेब करून घडविलेला. ठिपका एखाद्या मिलिमीटरने इकडेतिकडे झाला की प्रकाशाची कड फाटते आणि तो नको तेथे उधळतो. काही बल्ब बरे जमतात, हे न्यायाने सांगितले पाहिजे. ते वीजही कमी खातात, आणि जुन्या गाडीच्या जुन्या तारांवर ही दयाच आहे. परंतु त्याने मागविलेले बल्ब आम्ही भिंतीसमोर लावून पाहिले, आणि भिंतीवर कड अशी काही दिसलीच नाही. भिंत, छत, शेजाऱ्याची खिडकी, सगळेच उजळले.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना संत थॉमस अक्विनास यांच्या आत्मसंरक्षणावरील विवेचनातून पुढे आलेले एक तत्त्व आम्ही घोकले होते: एकाच कृतीचे दोन परिणाम, एक हेतूतला आणि दुसरा हेतूबाहेरचा. चांगला परिणाम वाईटाच्या द्वारा साधावयाचा नाही, आणि दोहोंत प्रमाण असले पाहिजे. मुलाचे म्हणणे या साच्यात बसविणे सोपे होते: मला रस्ता दिसणे हा माझा हेतू, समोरच्याचे दिपणे हा हेतूबाहेरचा, नाइलाजाचा परिणाम. पण भिंतीने ते खोटे पाडले. रस्ता दिसतो तो रस्त्यावर पडलेल्या प्रकाशाने. डोळे दिपतात ते हवेत वर गेलेल्या प्रकाशाने. वर गेलेल्या प्रकाशाने चालवणाऱ्यास रस्त्याचा तसूभरही अधिक भाग दिसत नाही. धुके असले तर उलट तो परतून त्याच्याच डोळ्यांवर येतो. म्हणजे समोरच्याचे आंधळेपण ही आपल्या दिसण्याची किंमतच नव्हे. जेथे नाइलाज नाही, तेथे दोन परिणामांच्या तत्त्वाचा आसरा घेता येत नाही. तो निव्वळ निष्काळजीपणा ठरतो.

राहिला प्रश्न फिट्टंफाट करण्याचा. ज्या उंच गाडीवर तो चिडला होता तिचा चालक उंच बसलेला. त्याला या ठेंगण्या गाडीच्या उधळलेल्या प्रकाशाचा त्रास त्या मानाने कमी. तो सोसणार कोण? सायकलवाला, रस्त्याच्या कडेने कुत्र्यास फिरविणारी म्हातारी, आणि त्याच्यासारखाच एखादा जुनी ठेंगणी गाडी घेऊन निघालेला. वयानुसार डोळ्यांतील भिंगात प्रकाश अधिक विखुरतो आणि दिपलेला डोळा सावरण्यास अधिक वेळ लागतो. आमच्या मोतीबिंदूने हे ज्ञान आम्हांस फुकट दिले आहे.

एवढे बोलून आम्ही थांबलो असतो तर बरे झाले असते. पण त्या गॅरेजात आम्हांस एक जुनी गोष्ट सांगावी लागली, जी आम्ही तोवर कोणासही सांगितली नव्हती.

१९९७ साली आम्ही नवखे सहाय्यक धर्मगुरू होतो. धर्मग्रामाची एक जुनी जीप आमच्या ताब्यात होती. रात्री-अपरात्री आजाऱ्याकडे जावे लागे, रस्त्यांवर दिवे नसत. म्हणून आम्ही तिला १००/९० वॉटचे बल्ब लावून घेतले. ते नियमात बसत नव्हते हे बसविणाऱ्यास ठाऊक होते आणि आम्हांसही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्पष्ट आहे की दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या कोणाही माणसाचे डोळे दिपता कामा नयेत. दीड मीटर ही साधारणपणे सायकलवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची उंची.

एका पहाटे चारच्या सुमारास आम्ही एका मरणोन्मुख बाईंकडे निघालो होतो. वाटेत कोणी दिसल्याचे आम्हांस आठवतही नाही. दोन दिवसांनी कळले की आमच्याच गावचे एक वृद्ध बागायतदार, दादरच्या फुलबाजारासाठी पहिली गाडी पकडावयास मोगऱ्याची गाठोडी सायकलला बांधून निघालेले, रस्त्याकडेच्या चरात पडले आणि त्यांच्या खांद्याचे हाड मोडले. आम्ही भेटावयास गेलो. ते म्हणाले, "समोरून गाडी आली, फादर. डोळ्यांपुढं सगळं पांढरं झालं, आणि मग काळं. कोणाची गाडी, कळलं नाही. घाईत असेल बिचारा." त्यांनी जागा सांगितली, वेळ सांगितली. आम्ही त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, प्रार्थना म्हटली आणि परत आलो.

आम्ही सांगितले नाही. त्याहून वाईट म्हणजे ते बल्ब आणखी चार महिने, एक जळेपर्यंत, तसेच राहिले. आमचे काम पवित्र होते, आणि पवित्र कामास निघालेल्यास इतरांनी वाट द्यावी असे आम्ही कोठेतरी गृहीत धरले होते. ते गृहस्थ २००९ मध्ये वारले. त्या पहाटे ते आम्हांस दिसले नाहीत याचेही कारण आम्हांस आता कळते: झोताच्या मागे बसलेल्यास त्या झोताने केलेला अंधार दिसत नाही.

मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने एलईडीचे खोके बांधून ठेवले.

पुढचे दोन शनिवार त्याने एच-४ चे दिवे बसविण्यात घालविले. मोठे काम बल्बांचे नव्हतेच. या गाडीत दिव्यांचा सगळा वीजप्रवाह दांडीवरच्या स्विचमधून जातो. पन्नास वर्षांच्या गंजलेल्या सांध्यांतून तो दिव्यापर्यंत पोहोचेतो अर्धमेला होतो. विजेचा दाब १० टक्के घटला की प्रकाश ३० टक्क्यांच्या आसपास घटतो. त्याने बॅटरीपासून थेट जाड तारा घेतल्या, मध्ये रिले आणि फ्यूज बसविले, जमिनीच्या जोडण्या घासून लख्ख केल्या. मग आणखी वॉट लागलेच नाहीत. जुन्या दिव्यांचा पिवळट थकवा हा बहुतांशी तारांचा होता, आणि आमच्या जीपचाही तोच असावा.

शेवटी झोत लावणे राहिले. सपाट अंगणात गाडी भिंतीपासून दहा मीटरवर उभी केली. झोताची कड दिव्याच्या मध्यापेक्षा पाच ते वीस सेंटिमीटर खाली पडली पाहिजे, असा तेथील तपासणीचा हिशेब. भिंतीवर त्याने खडूने रेघ मारली. कड रेघेवर आली, तरी आमचे समाधान होईना. आम्ही आठ मीटर मोजून गाडीसमोर गेलो आणि सायकलवर बसल्यासारखे थोडे वाकून उभे राहिलो. थंडी विलक्षण होती.

"फादर, डोळ्यांवर येतंय का?" त्याने गाडीतून विचारले.

"उजवा थोडा खाली घे," आम्ही म्हणालो. "अजून थोडा."